बिनआवाजाचा सामना

रजईच्या आत विश्वंभररावांचा डावा पाय चालत होता. माणूस गाढ झोपेत, श्वास अडखळत येतोय, डोळे मिटलेले, आणि पाय मात्र आपला मजेत. थोडा मागे जाई, थांबे, मग अलगद पुढे येई. लीलाबाई उशाशी बसून बघत होत्या. खेळा, खेळा, त्या मनात म्हणाल्या. आता तरी कोण अडवणारे तुम्हाला!

बंद खिडकीच्या काचेबाहेर काही नव्हतं. म्हणजे तसं सगळं होतं, मैदान होतं, पलीकडे चहाची टपरी होती, रेल्वेची भिंत होती. पण पौषातलं धुकं एकदा उतरलं की अख्खा नगरा, म्हणजे झाशीतला हा रेल्वेवाल्यांचा मोहल्ला, पुसून जातो. गाडीची शिट्टी ऐकू येते, गाडी दिसत नाही. शेजारीण हाक मारते, शेजारीण दिसत नाही. चार दिवस सूर्याने तोंड दाखवलं नव्हतं, आणि जागरणाने लीलाबाईंना सकाळ कुठली नि संध्याकाळ कुठली हेही कळेनासं झालं होतं. कधी तर वाटे, माडीवरची ही खोली घरापासून सुटून हळूहळू कुठेतरी निघालीय, आणि आत आपण दोघंच आहोत. तसं वाटलं की त्यांना बरं वाटे. खोटं कशाला बोला.

आता हे विश्वंभर खानवलकर कोण, ते सांगायला हवं. झाशीत जन्मून फुटबॉल खेळणं म्हणजे पुरणपोळीच्या पंगतीत बसून इडली मागणं. हे हॉकीचं गाव. इथे पोरगं रांगायला लागलं की हातात काठी धरतं. त्यात खानवलकर म्हणजे लक्ष्मी गेटच्या आतलं जुनं मराठी घराणं. कारकुनी करणारं, सोवळं पाळणारं. त्या घरात हा एक निघाला आणि रेल्वेच्या संघातून असा खेळला, असा खेळला, की मैदानाच्या कडेच्या कडुनिंबांवर माणसं लगडायची. डाव्या पायाने मारलेला त्यांचा चेंडू कोपऱ्यावरून निघायचा, बाहेर चाललाय असं वाटायचं, आणि शेवटच्या क्षणी लाजल्यासारखा आत वळायचा. गावाने विश्वंभर हे नाव मोडून 'बिस्सू भैया' केलं. बिस्सू भैयांच्या नावाने दुकानं उघडली, बोकडांना ते नाव दिलं गेलं, आणि एका पंक्चरवाल्याने तर त्यांचा मोजा काचेच्या डबीत ठेवला होता.

आणि लीलाबाई? त्या एरच गावच्या. बेतव्याकाठच्या भिक्षुकाची मुलगी, नाकाच्या शेंड्यावर राग. लग्नाच्या पंगती उठायच्या आत गावकऱ्यांनी नवरा खांद्यावर घालून मैदानावर नेला होता, कारण त्या दिवशी कानपूरवाले खेळायला आले होते. मुंडावळ्या तशाच. मुलगा निशांत जन्मला तेव्हा स्वारी कलकत्त्याला. सणाला जेवण वाढावं तर दारात पन्नास माणसं: "भौजी, भैया को भेजो!" मैदान नगऱ्यातल्या ह्या घरासमोर, पण बायकांनी तिथे जायची रीत नव्हती, आणि नवरा घरी येऊन मैदानातलं अक्षर बोलत नसे. लीलाबाईंनी मनाशी धरलं, की आपल्याला त्यातलं काय कळणार असं ह्यांना वाटतं. धरलं ते धरलं. खिडकी धुळीसाठी म्हणून बंद केली ती पुढे कायमची बंदच राहिली.

म्हणून दवाखान्याने जेव्हा सांगितलं, की फुफ्फुसांत आता काही उरलं नाही, घरी न्या, दुखू नये एवढं औषध देऊ, तेव्हा लीलाबाई रडल्या. पण रडता रडता त्यांच्या मनात एक गोष्ट आली, आणि ती आली म्हणून त्यांना स्वतःची लाजही वाटली. आयुष्यभर गावाचा होता. हे शेवटचे दिवस तरी माझे. एवढंच एक मागणं होतं त्यांचं, पण गावाला कोण सांगणार?

गाव दुसऱ्याच दिवशी हजर झालं. खाली ओट्यावर गर्दी, हातात नारळ, कोणी दतियाच्या देवळातून अंगारा आणलाय, कोणी मुलाला पाया पडायला आणलंय. सगळ्यांच्या पुढे हरदयाल रायकवार. हा रेल्वेच्या वर्कशॉपमधला जुना फिटर, आता स्वतःच सत्तरीला टेकलेला. तरुणपणी बिस्सू भैयांच्या प्रत्येक सामन्याला ढोल घेऊन यायचा. लीलाबाईंनी पाच जणांना वर सोडलं, दहा जणांना सोडलं. विश्वंभरराव डोळे उघडून कसनुसं हसत, आणि माणसं गेली की थकून पुन्हा त्या औषधाच्या झोपेत बुडून जात. लीलाबाईंच्या वाट्याला यायची ती झोप.

त्यात मग ते फलकाचं प्रकरण झालं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

झालं असं, की परदेशात कुणा आजारी खेळाडूसाठी लोकांनी चौकात फोटो लावून मेणबत्त्या पेटवलेल्या हरदयालने टीव्हीवर पाहिल्या. आपल्या भैयांसाठी का नको? लक्ष्मी गेटच्या कमानीशी, भैयांच्या जुन्या घराजवळ, दोन पुरुष उंचीचा फोटो लागला. तरणेबांड विश्वंभरराव, काखेत चेंडू, भांग पाडलेला. खाली शंभरेक मेणबत्त्या. आणि भैया जिंकून आले की गळ्यात झेंडूचा हार पडायचाच, ती इथली रीत. आता भैया उठू शकत नाहीत, तर फोटोला घालू. घातला. चांगला मनगटाएवढा जाड हार. एवढ्या माणसांत एकाच्याही टाळक्यात उजेड पडला नाही.

संध्याकाळी विश्वंभररावांचे चुलतभाऊ गोविंदराव स्कूटरवरून भाजी घेऊन परतत होते. चष्म्यावर धुकं. त्यांना दिसला फोटो, त्यावर हार, समोर ज्योती. मराठी घरात याचा अर्थ विचारावा लागत नाही. गोविंदराव तसेच घरी गेले आणि दाराशीच, अंगावरच्या कपड्यांनिशी, पौषातल्या थंडीत, डोक्यावर गार पाण्याच्या बादल्या ओतून घेतल्या. भाऊबंदांत निरोप गेला. लक्ष्मी गेटच्या आतल्या झाडून साऱ्या खानवलकरांनी सुतक धरलं. संक्रांत तोंडावर, हळदीकुंकू रद्द, देवपूजा बंद, परातीतला तिळगूळ परातीत. लीलाला आत्ता फोन नको, बिचारी कोणत्या अवस्थेत असेल, असं म्हणून कुणी फोनसुद्धा केला नाही. शहाण्यांचा बाजार!

सकाळी धुक्यातून एकेक करून ते सगळे नगऱ्यात आले. ओले केस, खाली माना, पुरुषांच्या खांद्यावर पंचे. लीलाबाई पेजेची वाटी घेऊन जिन्याकडे निघाल्या होत्या. ही माणसं भल्या सकाळी का आली, त्यांना कळेना. गोविंदराव पुढे झाले, हात जोडले.

"वहिनी, खांब गेला हो घराचा."

"कुठला खांब?" लीलाबाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाटलं, मागची पडवी कोसळली.

तेवढ्यात वरून खोकला आला. लांबलचक, ओळखीचा. आणि पाठोपाठ क्षीण आवाज, "लीला, कोण आलंय?"

गोविंदराव मटकन खाली बसले. एक जाऊबाई किंचाळल्या. मग सगळे एकदम बोलायला लागले, फलक, हार, मेणबत्त्या, गार पाणी, आणि गोविंदरावांना त्यातच शिंकांवर शिंका. लीलाबाईंना हसू फुटलं. आठवड्याभरात पहिल्यांदा. हसता हसता पेज हिंदकळून हातावर सांडली, आणि मग त्यांना कळलं की आपण हसत नाही, रडतोय.

"रडू नका वहिनी," गोविंदराव नाक पुसत म्हणाले. "मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं माणसाचं. डोक्याला कावळा शिवून अपशकुन झाला की लोक मुद्दाम अशी बातमी उठवतात. आमची अंघोळ फुकट नाही गेली, विश्वंभराला लागली ती!"

लीलाबाईंचा अशा गोष्टींवर एरवी काडीचा विश्वास नव्हता. त्या दिवशी ठेवला. का ठेवू नये? ठेवायला दुसरं होतं काय हाताशी!

पण हरदयालवर मात्र त्या अशा बरसल्या की धुकंसुद्धा जरा मागे सरलं असेल. तो धावत माफी मागायला आला, तर ओट्यावर उभं राहून सगळ्या नगऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, आपल्या मराठी-हिंदीत, "जिंदा आदमी को हार चढाते हो? शरम वाटत नाही? आजपासून कोणी ह्या दारात यायचं नाही. कोई नहीं! चालते व्हा." आणि दार लावून घेतलं. दार लावल्यावर घरात जी शांतता झाली, तिच्यात त्या क्षणभर नुसत्या उभ्या राहिल्या. मिळालं, त्यांना वाटलं. आता मिळाले.

पण मिळाले कुठे! माणूस समोर होता आणि नव्हता. डोळे उघडत ते कुणा दुसऱ्याकडे बघितल्यासारखे. पाय चाले. मधेच स्पष्ट विचारत, "मैदान ओलं आहे का?" लीलाबाई म्हणत, "नाही हो, कोरडं आहे." "मग कोणी येत का नाही?" लीलाबाई रजई सारखी करत. दोन दिवस हे असं चाललं. तिसऱ्यांदा ते "कोणी येत का नाही" म्हणाले तेव्हा लीलाबाईंना स्वतःचाच राग आला. आपण त्यांना आपल्याजवळ ठेवलंय, की नुसतं कोंडून?

खाली ओट्यावर हरदयाल बसलेलाच होता. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ येऊन बसत होता, दार न वाजवता, मफलर मांडीवर ठेवून. लीलाबाईंनी दार उघडलं तसा तो उठला.

"भौजी, भीतर नईं आएँगे," तो म्हणाला. "बस एक मैच खेल लेन दो. भैया की खिड़की के नीचे. फिर कभी मुँह नहीं दिखाएँगे."

"आणि आरडाओरडा?"

"एक आवाज नहीं होगी."

"टाळी नाही, शिट्टी नाही. ढोल तर दिसलासुद्धा नाही पाहिजे. एक जण जरी 'बिस्सू' म्हणाला तर सगळ्यांना पिटाळून लावीन."

"पिटाळना नहीं पड़ेगा, भौजी. कसम गंगा मैया की."

संक्रांतीच्या सकाळी लीलाबाईंनी ती खिडकी उघडली. कडी गंजलेली, दोन्ही हातांनी ओढावी लागली. धुकं तसंच आत आलं आणि खाटेच्या पायथ्याशी येऊन बसलं. त्यांनी विश्वंभररावांच्या कानांना नीट मफलर गुंडाळला, रजई गळ्यापर्यंत ओढली, हात तेवढा आपल्या हातात घेतला. खाली काही दिसत नव्हतं. कधी धुक्यातून एखादी आकृती निघे, अनवाणी धावे आणि पुन्हा विरघळून जाई. म्हातारे होते, तरणे होते, कोण कुणाच्या बाजूने हेही कळत नव्हतं. कुठेतरी मधोमध हरदयाल शिट्टीऐवजी रुमाल हलवत असणार. आणि कडेला, सगळ्या कडेने, माणसं उभी होती. अख्खा नगरा आणि अर्धी झाशी. लीलाबाईंना ती दिसत नव्हती, पण एवढ्या माणसांचे श्वास एकत्र आले की धुकंही जरा ऊबदार होतं. त्यांतला एकही जण ब्र काढत नव्हता.

ऐकू येत होता तो फक्त चेंडू. धप्. मग पावलं. मग धप्.

विश्वंभररावांनी डोळे उघडले. या वेळी ते डोळे लीलाबाईंवरच आले.

"कोण खेळतंय?"

"तुमचीच माणसं."

"ओरडत का नाहीत?"

"मी सांगितलंय."

ते हसले, अगदी पूर्वीसारखे, ओठांच्या एका बाजूने. मग बराच वेळ नुसते ऐकत राहिले. "लीले," ते म्हणाले. लग्नानंतर पहिली चार वर्षं ते असं म्हणत. "इतकी वर्षं खेळलो, पण चेंडू कधी ऐकूच आला नव्हता. कायम ह्यांचा गलका. आज ऐकू येतोय."

"कसा येतोय?"

"ऐक. हा... हा पायाच्या आतल्या बाजूने. मऊ येतो ना आवाज? आणि हा," बाहेर टणक धप् झालं, "हा अंगठ्याने मारला. गाढव आहे. बोट मोडेल."

लीलाबाई ऐकू लागल्या. आधी सगळे सारखेच वाटले. मग नाही वाटले. एक मऊ होता, एक टणक, एक नुसताच घसरता, ओल्या गवतावरून जाणारा. "हा?" त्या विचारत. "तो छातीवर घेतला," ते सांगत. "हा?" "आता डावीकडे गेला. त्या पोराचा पाय चांगला आहे. कोण आहे बघ बरं." आणि लीलाबाई खिडकीतून वाकून बघत, धुक्याशिवाय काही दिसत नसे, आणि त्या म्हणत, "उंच आहे कोणीतरी." ते मान डोलवत, जसं काही ओळखलंच. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्या मैदानाला त्यांनी शिव्या दिल्या, ते आता खोलीत येऊन दोघांच्या मधोमध पसरलं होतं. लीलाबाईंना एवढं सुख झालं की भीती वाटली.

म्हणून त्यांनी विचारून टाकलं. आता नाही तर कधी?

"मला कधी सांगितलं का नाहीत हो हे? मला कळणार नाही असं वाटायचं ना तुम्हाला?"

विश्वंभररावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ही बाई काय बोलतेय. श्वास गोळा करायला वेळ लागला. "तू गरम पाणी ठेवायचीस," ते म्हणाले. "परातीत. मीठ घालून. मी पाय बुडवून बसायचो आणि तू चिडचिड करायचीस, हे नाही आणलं, ते नाही आणलं. अख्ख्या झाशीत तेवढीच एक जागा होती गं, जिथे मी बिस्सू भैया नव्हतो. तिथे मैदान कशाला आणू?"

लीलाबाईंचे डोळे भरून आले आणि त्या ते पुसायलाही विसरल्या. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आपल्या वाट्याला उरलंसुरलं आलं. आणि तेच विश्वंभररावांनी राखून ठेवलेलं होतं.

"वेडे आहात तुम्ही," त्या एवढंच म्हणाल्या.

"तू ऐक," ते म्हणाले. "कोपऱ्यावरून येतोय बघ आता."

त्यांनी डोळे मिटले. बाहेर सगळी पावलं थांबली, धुकं थांबलं, आणि खूप लांबून एक धप् आला, मऊ, अगदी मऊ.

"हा आतल्या बाजूने," लीलाबाई म्हणाल्या. "हो ना?"

हातातला हात तसाच होता. रजई हलत नव्हती. डावा पाय हलत नव्हता.

"हो ना?" त्यांनी पुन्हा विचारलं. आणि विचारतानाच त्यांना कळलं.

काय करायचं असतं ते त्यांना ठाऊक होतं, भिक्षुकाची मुलगी होत्या त्या. देव्हाऱ्यातलं गंगाजळ आणलं, तुळशीचं पान आणलं, तोंडात घातलं. आता जमिनीवर उतरवायचं. निशांतला भोपाळला फोन करायचा. गोविंदरावांना कळवायचं. आणि एक हाक खाली टाकली की पुढचं सगळं आपोआप होणार होतं. जिन्यावर माणसांचे लोंढे, खांदे, हार, घोषणा, ढोलसुद्धा. सगळी झाशी आत शिरणार होती आणि त्यांचा माणूस लग्नातल्यासारखा उचलून नेणार होती. हरकत नव्हती. तो गावाचाही होता, हे आज त्यांना पटलं होतं, रागाशिवाय पटलं होतं. पण सामना चालला होता तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं. सामना चालला होता तोवर ते फक्त लीलाचे होते.

बाहेरचे आवाज विरळ व्हायला लागले. म्हातारी माणसं, दमणारच. कुठेतरी खोकले आले. धुक्यातून पिवळसर उजेड झिरपायला लागला होता.

लीलाबाई उठल्या. पदर खोचला, जिना उतरल्या, ओटा उतरल्या आणि मैदानात गेल्या. जन्मात पहिल्यांदा. गवत ओलं होतं, ते त्यांच्या तळव्यांना लागलं तेव्हा लक्षात आलं की आपण अनवाणीच आलोय. त्यांना येताना पाहून खेळ थांबला. हरदयाल पुढे आला, हातात तो रुमाल, धापा टाकत. एवढी मोठी गर्दी, पण अजूनही कुणी तोंड उघडलं नव्हतं.

"थांबलात का?" लीलाबाई म्हणाल्या. "खेळा ना."

हरदयालने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तोंडाजवळ सांडलेलं गंगाजळ पुसताना ओला झालेला पदर पाहिला. तो काही बोलणार, तोच लीलाबाईंनी मान हलवली. नाही. अजून नाही.

"थोडी देर और, हरदयाल भैया," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्याला भैया म्हटलं. "मी खिडकीतून सांगेन. तोवर खेळा."

हरदयालने मफलर काढून जमिनीवर ठेवला. मग वळला, आणि तो म्हातारा स्वतःच चेंडूमागे धावला.

लीलाबाई वर आल्या. त्यांनी खोलीच्या दाराला आतून कडी घातली, विश्वंभररावांच्या उशाशी बसल्या, त्यांचा हात पुन्हा हातात घेतला आणि ऐकू लागल्या.